मागच्या बोळाचं माप

"नंबर एकोणीस!" नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने पुकारलं आणि सुतारमिस्त्रींनी हातातली चिठ्ठी पुन्हा पाहिली. त्यांचा नंबर एकवीस होता.

बाकड्यावर शेजारी बायको बसली होती, पलीकडे मास्तर. मास्तरांचं घर रस्त्याला, मिस्त्रींचं त्यांच्या मागे. तीस वर्षं मिस्त्रींची ये-जा मास्तरांच्या अंगणातून चालली होती आणि तो हक्क कागदावर होता. आता मागून एक बोळ निघाला होता. मास्तरांची मुलगी दोन लेकरांना घेऊन कायमची माहेरी आली होती. तिच्यासाठी अंगणात खोली बांधायची, तर वाट सोडल्याची मिस्त्री नवराबायकोची सही हवी होती. मास्तर भला माणूस. नाही म्हणायला मिस्त्रींची जीभ रेटली नाही.

पण बायकोचं हृदय अधू झालेलं. वर्षभरात दोनदा तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं होतं, तेही अंगणातूनच. दुसऱ्या वेळी एक टोक मास्तरांनीच धरलं होतं. म्हणून मिस्त्रींनी बोळाचं वळण तीनदा मोजलं. स्ट्रेचर वळत होतं, वर चार बोटं जागा उरत होती. जन्मभर लोकांची कपाटं जिन्यातून चढवलेला माणूस मापात चुकतो कशाला!

"नंबर वीस!"

आणि मिस्त्री ताडकन उभे राहिले. माप स्ट्रेचरचं घेतलं होतं. ते धरणाऱ्या माणसांचं घ्यायचं राहिलं होतं.

"मास्तर, उठा. हे बाकडं धरा त्या बाजूनं."

"आत्ता?"

"धरा हो!"

बायको उठून उभी राहिली. बाकडं स्ट्रेचरएवढं लांब होतं, बाहेर व्हरांड्याला कोपरा होता आणि रुंदी बोळाएवढीच. मिस्त्रींच्या नजरेला टेप लागत नसे. दोघे बाकडं उचलून निघाले.

"ओ काका, सरकारी बाकडं कुठं पळवताय?" कारकून ओरडला.

वळणावर मास्तरांची पाठ भिंतीला टेकली आणि बाकडं अडकलं. मागे-पुढे करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. मास्तरांनी ते हळूच खाली ठेवलं.

"राहू द्या मिस्त्री. नका करू सही," ते म्हणाले. "पोरीचं बघू काहीतरी."

मिस्त्रींनी सही नाही केली तर त्या पोरीचा संसार अडणार होता, केली तर स्वतःचा.

"मला आडवंच कशाला न्यायला पाहिजे?" बायको मागून म्हणाली. "मी काय कपाट आहे? खुर्चीत बसून जाईन. करा एक दांड्यांची."

"आणि शुद्ध नसली तर?"

"तर पट्ट्यानं बांधा. तेव्हा कुठं मी बोलणारेय!"

"नंबर एकवीस!"

तीच आधी टेबलाकडे गेली. तिच्या सहीखाली मिस्त्रींनी आपली केली.

आठवडाभर खपून त्यांनी खुर्ची केली. लाकूड मजबूत निवडलं, वजनाला भारी. मास्तरांकडे खोलीचा पाया खणून झाला, त्या दिवशी दुपारी दोघांनी मिस्त्रींच्या बायकोला बोळाच्या तोंडाशी खुर्चीत बसवलं. पुढे मास्तर, मागे मिस्त्री.

"सांभाळा हं, पाडाल," ती हसत म्हणाली.

मिस्त्रींनी पाय रोवले, दम धरला आणि सगळा जोर लावून उचललं. खुर्ची इतकी सहज वर आली की त्यांचा तोल गेला.

मास्तरांनी वळून पाहिलं.

"लाकूड हलकं घेतलंय," मिस्त्री म्हणाले.

वळणावर खुर्ची कुठेही घासली नाही.