मांडीवर न बसलेला ससा

मी ससा बोलतोय. ससा म्हटल्यावर लगेच चेहरा मऊ करू नका. पांढरा रंग, गुलाबी नाक, लांब कान, सगळं आहे माझ्याकडे, आणि त्या रूपड्यालाच सगळे भुलले. माझ्यामुळे एका चांगल्या बाईच्या नावाला बट्टा लागला आणि मी पिंजऱ्यात बसून गाजर कुरतडत होतो. हे सांगताना माझी मान वर होत नाही. पण सांगतो.

माझा जन्म दुकानातला. आम्ही सात भावंडं. आईची ऊब मिळाली ती पाच आठवडे, मग आमची रवानगी काचेच्या पेटीत. येणारा-जाणारा काचेवर टकटक करायचा. मधूनच वरून एक हात यायचा आणि एकेकाला उचलून न्यायचा. नेलेला परत कधी आला नाही. ‘सशाचं काळीज’ म्हणून तुम्ही आम्हाला हसता, हसा बापडे. पण वरून हात आला की माझं अंग आजही दगड होतं आणि मागचे पाय आपसूक झाडले जातात.

एका रविवारी तिघंजण आले. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे, बोटांना ग्रीसचा वास. आई दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी. आणि आठ वर्षांची त्यांची लेक, तिला घरात ठकी म्हणतात. सहाव्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, भाऊ नाही, बहीण नाही, म्हणून तिला सोबतीला काहीतरी पाळायचं ठरलं होतं.

“मासे घेऊ,” बाबा म्हणाले. “ना आवाज, ना केस.”

“माशांना मांडीवर कसं घेणार?”

“मग पोपट?”

“नको बाई,” आई म्हणाली. “घरात एक बडबडी आहे तेवढी पुरे. आणि कुत्र्याचं नावही काढू नका, दिवसभर एकटा भुंकेल आणि शेजारी आपल्यालाच घराबाहेर काढतील.”

ठकीचं एकच पालुपद. मांडीवर बसणारं हवं. तेव्हा दुकानदारानं माझ्या पेटीवर हात ठेवला. “हा घ्या की मग! भुंकणार नाही, फिरायला न्यायला नको. कापसाचा गोळा नुसता. दिवसभर मांडीवर ठेवा.”

मी किती खातो, किती घाण करतो, किती वर्षं जगतो, सगळं विचारून झालं. मला मांडीवर बसायला आवडतं का, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

दुकानातून निघताना आईनं अट घातली. “एक जरी ओरखडा दिसला ना तुझ्या अंगावर, त्याच दिवशी हा परत दुकानात. मग रडायचं नाही.” ठकीनं एवढ्या जोरात मान डोलावली की तिची पिन निसटली.

माझं नाव बाबांनी ठेवलं, साहेब. “काही काम न करता बसून राहतो आणि सगळ्यांकडे रागानं बघतो. डिट्टो आमचे साहेब,” असं म्हणून ते स्वतःच हसले.

आता मावशींबद्दल सांगायला हवं. शाळा सुटल्यापासून आई घरी येईपर्यंत ठकीला त्या सांभाळायच्या. नात्याच्या नव्हेत, पण ठकी दोन वर्षांची असल्यापासून घरात. हाडापेरानं दणकट, तोंडानं फटकळ. मला बघून पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “अगं बाई, आता या लाटसाहेबाचंही मीच करायचं का?” आणि केलं. न सांगता. पिंजऱ्यातला कागद बदलायच्या, पाणी बदलायच्या, आणि वरून शिव्याही घालायच्या.

ठकी शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि धावत येऊन मला उचलायची. वरून. तिचा जीव होता माझ्यावर, हे मला कळत होतं. पण पाय जमिनीवरून सुटले की मला काही कळायचं बंद व्हायचं. मी लाथा झाडायचो. माझी नखं तिच्या दंडावर, मनगटावर लाल रेघा ओढायची. ती ओठ चावायची, पण सोडायची नाही. “बस ना रे साहेब, पाचच मिनिटं बस,” म्हणायची. मी कसला बसतोय!

मावशी मलम लावायच्या. “आईला सांग गं.”

“नको! ती त्याला परत करेल. मावशी, तू पण सांगू नकोस. शपथ घे.”

“मी नाही सांगणार. पण तू सांग. आज नाही तर उद्या, तूच सांगायचं.”

ठकी हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी लांब बाह्यांचा शर्ट घालायची. उन्हाळा सुरू झाला तरी लांब बाह्या. आईला सकाळी घाई, रात्री थकवा, तिच्या काही लक्षात आलं नाही. आई-बाबांसमोर ठकी मला उचलायचीच नाही, त्यामुळे त्यांना मी नुसता कापसाचा गोळाच वाटायचो.

लक्षात आलं ते शाळेतल्या बाईंच्या. चित्रकलेच्या तासाला रंग सांडला, बाईंनी तिची बाही वर केली आणि त्या बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी आई-बाबांना शाळेत बोलावणं गेलं.

घरी आल्यावर आईनं ठकीला माझ्या पिंजऱ्याशेजारी खुर्चीत बसवलं. दोन्ही बाह्या वर केल्या. जुन्या रेघा, नव्या रेघा. “कुणी केलं हे?”

ठकीनं बाह्या खाली ओढल्या.

“बाईंनी विचारलं, दुपारी घरी कोण असतं. मी काय सांगणार?” आईनं तिची हनुवटी वर केली. “मावशी मारतात का तुला?”

ठकीनं माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली. ती हो म्हणाली नाही, देवाशप्पथ सांगतो, ती हो म्हणाली नाही. पण नाही असंही म्हणाली नाही. आणि घाबरलेल्या आईबापांना तेवढं पुरलं.

मावशी तेव्हा स्वयंपाकघरात ठकीचा डबा धूत होत्या. बाबांनी त्यांना बाहेर बोलावलं आणि विचारलं. हात पुसता पुसता मावशी थांबल्या. मला वाटलं, आता यांचं तोंड सुटणार. एका वाक्यात सुटल्या असत्या त्या. पण त्या आई-बाबांशी बोलल्याच नाहीत. ठकीकडे बघत उभ्या राहिल्या. किती वेळ उभ्या होत्या! ठकी फरशीकडे बघत होती.

मग मावशी आईला म्हणाल्या, “ताई, सहा वर्षं झाली. सहा वर्षांनी तुम्ही मला हे विचारता, तर माझ्या उत्तराचा तरी काय उपयोग?” पिशवी उचलली, चपला घातल्या आणि गेल्या. लिफ्टची वाटही बघितली नाही, जिन्यानं उतरल्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोर पिंजऱ्यात होता, मिशा हलवत. त्या संध्याकाळी कुणाला माझ्याकडे बघायला वेळ नव्हता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणखी लाज वाटली ती याची, की खालच्या भांड्यात गाजर होतं आणि मी ते खाल्लं.

आईनं रजा टाकली. ठकी जेवणात चिवडत बसायची. तीन दिवस तिनं मला उचललं नाही. मी मनाशी पक्कं केलं होतं, आता उचललं तर हलायचं नाही. जीव गेला तरी पाय झाडायचा नाही. तेवढं तरी करीन म्हटलं.

चौथ्या दिवशी दुपारी ठकी पिंजऱ्याशी आली. अर्ध्या बाह्यांचा फ्रॉक घातला होता. “आई, इकडे ये. नीट बघ हं.”

आणि तिनं दोन्ही हातांनी मला वर उचललं.

माझ्या ध्यानात आलं, ही काय करतेय ते. मी गप्प बसलो तर मी या घरात राहणार, आणि मावशी कायमच्या गुन्हेगार. मी पाय झाडले तर मावशी सुटणार, आणि मी जाणार दुकानात. पोरीनं सगळं माझ्यावर सोपवलं होतं. मी पाय झाडले. कोपरापासून मनगटापर्यंत लांबलचक रेघ उमटली, रक्ताचे थेंब आले.

मावशींसाठी झाडले असं तुम्हाला सांगता आलं असतं तर काय हवं होतं! तुम्ही विश्वासही ठेवला असता. पण खोटं कशाला बोलू? मी घाबरलो म्हणून झाडले, रोजच्यासारखेच. जे काही शौर्य होतं ते त्या आठ वर्षांच्या पोरीचं होतं.

“हाच करतो,” ठकी रडत म्हणाली. “पहिल्यापासून हाच करतो. मावशी मलम लावायची. तिनं कध्धी मारलं नाही मला.”

आई मलम घेऊन आली आणि तिच्या हातावर लावू लागली. बाबा आले तेव्हा “अट म्हणजे अट, उद्याच नेऊन देतो याला,” म्हणाले. आई म्हणाली, “नाही. ती अट घातली म्हणून तर पोरीचं तोंड बंद झालं. चूक त्याची नाही. माझी आहे.”

दोघं जाऊन मावशींना घेऊन आले. मावशी आत आल्या, पाणी प्यायल्या, पण खुर्चीच्या कडेवरच बसल्या, पाहुण्यासारख्या. आईनं हात जोडले. “चुकलं आमचं. उद्यापासून या.”

“राग गेला माझा, ताई. पण कामाला नाही येणार. आता पोरीला हाताला धरून ओढायचं झालं, तरी मी आधी तुमच्याकडे बघणार. असं पोर सांभाळता येत नाही.”

ठकी त्यांच्या कुशीत शिरली. मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “सांगितलंस ते बरं केलंस. पण मी तेव्हा तुझ्याकडेच बघत उभी होते गं.”

“माहितीये मला,” ठकी म्हणाली.

मलाही माहीत होतं.

तर मुलांसाठी एखादा जीव घरी आणणार असाल, तर एक करा. त्याला घेण्याआधी अर्धा तास त्याच्याजवळ जमिनीवर बसा, आणि त्याला काय सोसत नाही ते बघा. आणि घरी नेल्यावर मुलांना तसली अट घालू नका.

मला कुणी परत दिलं नाही. पिंजऱ्याचं दार आता दिवसभर उघडं असतं. मावशी गेल्यापासून आई दवाखान्यातून लवकर निघते. ठकी मला आता उचलत नाही. शाळेतून आली की फरशीवर पालथी झोपते, तळहात उताणा ठेवते आणि वाट बघते. दोन पावलांवर असतो तो हात. वरून येत नाही, धरत नाही, त्याची मला भीती वाटत नाही. त्यावरची ती लांब रेघ अजून पुसट दिसते. मी रोज दारापर्यंत येतो, ती रेघ बघतो, आणि मला पुढे जायची लाज वाटते.