उतरायची जागा

शहरातली माणसं सायकलवरून कुठे कुठे उतरतात ते लिहून ठेवायचं, अशीही नोकरी असते म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे. रस्ते खात्यातली सायकलबाई चार वर्षं तेच करत होती. तिचं खरं नाव पगारपत्रकात होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. सकाळी साताला निघायचं, शहरभर पाय मारायचे आणि दिसेल ते वहीत उतरवायचं.

पेपरवाला पुलाच्या चढावर अर्ध्यात उतरायचा, पण कुणी बघतंय म्हटलं की दात-ओठ खात पुरा चढायचा. एक शाळामास्तरीण सिग्नलला कधी म्हणजे कधी उतरायची नाही, दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभी राहायची. शिंपी कापडाचा गठ्ठा बांधून खुशाल फुटपाथवरून जायचा आणि वर चालणाऱ्यांनाच दटावायचा, "बघून चाला की जरा!" चोराच्या उलट्या बोंबा! सायकलबाईला असली माणसं आवडायची. माणूस घाबरला की आधी पाय खाली येतो आणि मग तोंड उघडतं, हे तिला वहीनं शिकवलं होतं.

गोदामाच्या फाटकाशी मात्र सगळ्यांचेच पाय खाली यायचे. फाटकाला लागून उंच भिंत होती आणि आतून ट्रक मागे मागे येत थेट रस्त्यावर निघायचे. ड्रायव्हरला सायकल दिसायची नाही, सायकलवाल्याला ट्रक दिसायचा नाही. पाटी नव्हती, पोलीस नव्हता, पण पोरंटोरंसुद्धा तिथे उतरून, मान वाकडी करून आत बघून मगच पुढे जायची.

आणि खात्यातल्या शहाण्यांनी सायकलींसाठी रंगवलेला नवा पट्टा काढला तो नेमका तिथूनच! समोरची बाजू मोकळी होती, पण तिथे बँकेच्या गाड्या लागायच्या ना. गाड्यांना कोण हात लावणार? सायकलबाईनं तीनदा लिहून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी. खात्याच्या साहेबांनी पाहणी केली तीही गाडीत बसून, काचा वर करून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

आता उद्या उद्घाटन होतं आणि एक फॉर्म अडला होता. 'पट्टा मी स्वतः सायकलवरून, कुठेही न उतरता चालवून पाहिला', आणि खाली सही. चालवणाऱ्याचीच सही लागायची, आणि खात्यात सायकल चालवणारी ही एकटी. साहेबांनी हुशारी केली. त्याच फायलीत तिला नोकरीत कायम करण्याचा कागद लावून ठेवला.

कायम झाली की खात्याची तळमजल्यावरची खोली मिळणार होती. आता ती आणि आई चौथ्या मजल्यावर राहत होत्या. आईचे गुडघे गेल्यापासून आई सात महिने खाली उतरली नव्हती.

"कर की गं सही," सकाळी आई खिडकीशी बसून म्हणाली होती. "सहीला काय ओझं असतं? मला एकदा रस्त्यावर उभं राहायचंय, बास."

सायकलबाई वही उचलून जिना उतरली. आई काही चुकीचं मागत नव्हती.

दुपारी फाटकापाशी रंगारी हिरव्या पट्ट्यावर शेवटचा हात मारत होता. साहेब फाईल घेऊन हजर.

"सही करा बाई, मला अजून दहा कामं आहेत."

"साहेब, एकदा तुम्हीच चालवून बघा ना," ती म्हणाली आणि आपली सायकल त्यांच्यापुढे धरली.

रंगारी फिस्सकन हसला. त्या हसण्यानंच साहेब पेटले. "बघतोस काय! कॉलेजात असताना हात सोडून चालवायचो!" म्हणत त्यांनी टांग मारली. सुरुवातीला डुलत डुलत, मग जरा ऐटीत, पोट सावरत साहेब फाटकापाशी पोचले आणि आतून ट्रकचं मागचं धूड आलं. साहेबांनी कचकन ब्रेक दाबला. पाय सपशेल खाली, ओल्या रंगात. ट्रक थांबला तेव्हा त्याच्यात आणि साहेबांच्या नाकात हातभर अंतर होतं.

ट्रक निघून गेला आणि साहेब सायकल ढकलत परत आले. तोंड पांढरंफटक. पण बोलले काय?

"काही नाही. जरा सावकाश घ्यायचं, झालं."

"तुमचा पाय टेकला."

"कुठे टेकला? काहीतरीच!"

सायकलबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंगात बुटाचा ठसा चांगला टाचेसकट उमटला होता, आणि हा गृहस्थ सरळ नाही म्हणत होता! जीव जाता जाता वाचला तरी खोटं बोलायची खोड जात नाही!

"साहेब, बूट पुसा आधी," रंगारी म्हणाला. "जाल तिथं उमटतंय."

"तू तुझं काम कर! मार या ठशावर एक हात." मग तिच्याकडे वळून ते एकदम मऊ झाले. "बाई, ऐका. लोक तसेही इथे उतरतातच की. तुमच्याच वहीत आहे ना? मग कशाला घोळ? आईचा विचार करा."

हे मात्र तिला लागलं. खरंच होतं ते. लोक उतरतातच. चार वर्षांत इथं कुणाला खरचटलंही नव्हतं. तिनं पेन घेतलं. मनातल्या मनात साहेबांना, बँकेला, स्वतःला शिव्या घालत तिनं फॉर्म सायकलच्या सीटवर ठेवला आणि सहीचं पहिलं अक्षर काढलं.

तेवढ्यात घंटी वाजली. दवाखान्यातली नर्स ड्युटीवर निघाली होती. ही बाई इतकी जपून वागणारी, की फाटकाच्या दहा पावलं आधीच उतरायची. आज ती उतरली नाही. हिरव्या पट्ट्याच्या वाळलेल्या कडेवरून, समोर बघत, निवांत गुणगुणत सरळ निघाली. फाटकाच्या आत दुसऱ्या ट्रकचं इंजिन घुरघुरलं.

सायकलबाईनं पेन टाकलं आणि धावत जाऊन तिचं हँडल धरून मागे खेचलं. दोघी रंगात आपटल्या. ट्रक पुढून निघून गेला, ड्रायव्हरला पत्ताही नव्हता.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" नर्स ओरडली.

"उतरला का नाहीत? रोज उतरता!"

"रोज पट्टा नव्हता! आता सरकारनं काढून दिलाय म्हटल्यावर कशाला उतरू?"

साहेब मान वळवून बँकेच्या गाड्यांकडे बघत राहिले.

सायकलबाई उठली. कोपर सोलवटलं होतं, सगळं अंग हिरवं. फॉर्मवर काढलेलं ते एक अक्षर तिनं कागद फाटेपर्यंत गिरगटून टाकलं आणि फॉर्म साहेबांच्या छातीवर आपटला.

"नोकरी जाईल," साहेब पुटपुटले. "घरी काय सांगणार आहात?"

"खरं सांगेन. आई रडेल. मीही रडेन." तिनं सायकल उचलली आणि पट्ट्यावर आडवी टाकली. "पण आत्ता मी इथून हलत नाही. हा रंग खरवडून काढा, नाहीतर उद्या फीत कापायला येतील त्यांना माझ्या अंगावरून जायला सांगा."

वळणावरून शाळा सुटलेली पोरं येत होती, पाच-सहा सायकली, हिरव्या पट्ट्यावरून, शर्यत लावून.

"उतरा रे!" ती दोन्ही हात पसरून ओरडली. "उतरा!"