दिवा शांत हाय

दत्तरावानं शेवटची घागर पेवात उपडी केली आणि कान देऊन ऐकलं. खाली कडब्यावर पाणी पडल्याचा आवाज आला, थोडा वेळ चुरचुर झाली, मग काहीच नाही.

"अजून एक आणू का?" कावेरीनं विचारलं. डोक्यावरची चुंबळ भिजून पाणी तिच्या कपाळावर उतरलं होतं.

"बास झालं. आता दगड लावतो. गारवा कोंडून ऱ्हायला पायजे."

पेव म्हणजे त्याच्या आज्यानं परसात, पांढऱ्या मातीत खोदलेलं धान्याचं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं पोट, आणि भिंतींना ज्वारीच्या कडब्याचं अस्तर. सहा वर्षं ते रिकामं पडलं होतं. दत्तरावानं आधी रीतीप्रमाणं कंदील सोडून पाहिला होता. पेवात कोंदट हवा असली तर कंदील विझतो आणि मग आत उतरायचं नसतं. कंदील छान जळला. तेव्हा तो स्वतः उतरला, पोटाला भोक पाडलं, आणि छातीइतक्या खोल चरातून सिमेंटचे पाइप टाकत टाकत थेट घराच्या मधल्या खोलीत आणून सोडले. त्याचे हात फोडांनी भरले. पिंगळीतले लोक येऊन बघून गेले. दत्तराव जमिनीत वारा पेरायलाय, असंही कुणीतरी म्हणालं. म्हणू देत. त्यांच्या घरी अंबी नव्हती.

अंबीला घाम येत नव्हता. सांगायला गोष्ट एवढीच. चार वर्षांची पोर, डोक्यावर विरळ पिंगट केस, तोंडात दोनच टोकदार दात, आणि अंगाला घामाचा थेंब नाही. थंडीत ती परसभर हुंदडायची. होळी झाली की तिचं अंग तव्यासारखं तापायला लागायचं. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, याला औषध नाही, हिला गार ठेवा. जमलं तर गार मुलखात न्या. गार मुलूख! पिंगळीच्या स्टेशनाजवळ जळालेल्या मोटारींत नवी तार भरून पोट भरणाऱ्या माणसानं कुठला मुलूख गाठायचा?

थोरला बन्सीधर असाच होता. मागच्या वैशाखात, सहा वर्षांचा होऊन, तो त्याच मधल्या खोलीत गेला. तेव्हापासून दत्तराव उन्हाळ्याचे दिवस मोजत होता. हीसुद्धा जाणार, आपण बघत बसणार, हे त्यानं रोज मनाशी म्हणावं आणि रोज उठून कुदळ हातात घ्यावी.

या कल्पनेचं मूळ येलदरीच्या धरणावर होतं. लग्नाआधी दोन वर्षं तो तिथल्या वीजघरात हाताखाली होता. धरणाच्या भिंतीच्या पोटात एक बोळ आहे. बाहेर दगड तापून फुटायची वेळ आली तरी आत अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटायचं. तिथले एक इंजिनिअर साहेब त्याला म्हणाले होते, जमिनीच्या पोटात बारा महिने एकच ऋतू असतो बघ. विलायतेत लोक जमिनीत नळ पुरतात, त्यातून पाणी फिरवतात आणि त्यावर घर उन्हाळ्यात गार ठेवतात, हिवाळ्यात ऊबदार. तेव्हा दत्तराव ऐकून नुसता हसला होता. बन्सीधर गेल्यावर तेच बोलणं त्याच्या डोक्यात घर करून बसलं.

त्यानं दगड सरकवला आणि धान्य भरल्यावर लिंपतात तसा कडेनं शेणमातीनं लिंपून टाकला. खसाची ताटी ओली केली की वारा गार येतो, मग ओल्या कडब्यातून का येणार नाही, असा त्याचा हिशेब. पेवाच्या तोंडावर बसवायच्या पंख्याची मोटार जळाली होती. ती पुन्हा भरायची, वार्निश वाळवायचं, यात पाच दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी दहालाच अंबीचं अंग चटके देऊ लागलं. कावेरीनं ओलं लुगडं तिच्यावर टाकलं की घटकाभरात ते वाळून कडक व्हायचं. रेडिओवर चव्वेचाळीस सांगितलं. पोर आता रडतही नव्हती, नुसती धापा टाकत होती.

"आवो, कवा चालू करायलाव?" कावेरीचा आवाज फाटला. "बन्शाचं बी असंच झालं होतं. असंच. मी सांगायलेय तुमाला."

"आत्ता. आत्ता चालू करतो. लाईट हाय तवर."

त्यानं शेणमाती फोडली, दगड बाजूला केला. आतून आंबूस वास आला, शिळ्या आंबिलीसारखा. ओला कडबा आहे, वास येणारच, म्हणून त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. पंखा बसवलेली फळी पेवाच्या तोंडावर ठेवली. पंखा बाहेरची हवा आत ढकलणार आणि पेवातली गार हवा पाइपानं खोलीत जाणार. अंबीला खोलीत, जमिनीवर, पाइपाच्या तोंडापाशी निजवलं. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी बंद केली, दार ओढून घेतलं. वारा येतो का हे कळावं म्हणून पाइपासमोर तेलाचा दिवा ठेवला.

दाराबाहेर, फटीला डोळा लावून, धुरपताबाई बसली. ती दत्तरावाची चुलती. त्याची आई तो रांगत असताना गेली. यानंच धुरपताबाईला आई केलं आणि तिनं याला पोटचा मानलं. कावेरी पुन्हा घागर घेऊन विहिरीकडं पळाली.

"काकी, दिव्यावर नजर ठिव," दत्तराव परसातून ओरडला. "दिवा कसा हाय ते सांगत ऱ्हा."

त्यानं बटण दाबलं. पंखा घरघरला. त्यानं रेग्युलेटर एकवर ठेवला आणि थोडा वेळ जाऊ दिला.

"काकी! दिवा कसा हाय?"

"शांत हाय, बाबा."

म्हणजे ज्योत हलत नाही. वारा पोचत नाही. एवढं खोदलं, एवढं केलं, आणि वारा पोचत नाही! त्यानं रेग्युलेटर तीनवर नेला.

"आता?"

"शांतच हाय."

पाचवर. पंखा असा थरथरला की फळी नाचायला लागली. दत्तराव चरावर गुडघे टेकून, कुठं पाइपाचा सांधा फुटून वारा गळतो का, हे मातीला गाल लावून बघू लागला. माती गप्प होती. ऊन पाठ भाजत होतं. देवा, आज तरी. आजचा एक दिवस तरी.

"काकी, नीट बग की! जरा तरी हालायलाय का?"

"आता काय हालंल रं?" घरातून धुरपताबाईचा आवाज आला. "कवाचाच शांत झालाय. अन् पोर बी गुमान निजलीय. गार वाटायलंय वाटतं लेकराला."

झालाय.

दत्तरावाचा हात मातीवर तसाच राहिला. मागच्या वैशाखात हीच धुरपताबाई त्याच खोलीतून बाहेर आली होती. पदराला हात पुसत तिनं सांगितलं होतं, बन्शा शांत झाला, बाबा. दिव्याला ती आयुष्यात कधी विझला म्हणाली नव्हती. दिवा शांत होतो, कुंकू वाढतं, बांगडी वाढवतात. तिच्या तोंडातून वाईट शब्द बाहेर पडतच नव्हता. आणि पेवाच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या कुणालाही, अगदी त्याच्या आज्यालाही, शांत झालेल्या दिव्याचा अर्थ माहीत होता.

तो धावला. दार लाथेनं उघडलं. खोली गार होती, खरंच गार होती, विहिरीतल्यासारखी, आणि तोच आंबूस वास जमिनीलगत भरून राहिला होता. अंबीचे ओठ जांभळे पडले होते. त्यानं तिला उचललं आणि भर उन्हातून निंबाखाली आणून टाकलं.

"अंबे! ए अंबे! माय माझी!"

तिला हलवलं, पाठीवर थापटलं, तोंडावर फुंकर मारली. काही नाही. कावेरी घागर घेऊन आली आणि घागर तिच्या हातातून पडली. मग पोरीच्या छातीतून एक लांब, घशात अडकलेला श्वास आला. त्यामागून दुसरा. मग ती रडली, आणि कावेरीनं तिला ओढून छातीशी धरलं.

दत्तराव धुरपताबाईवर उलटला. जन्मात कधी तो तिला वावगं बोलला नव्हता.

"विझला म्हनता येत न्हाई तुला? विझला! तीन अक्षरं! लेकरू गेलं असतं माझं!"

आपलं कुठं चुकलं हेच म्हातारीला धड कळलं नव्हतं. वाऱ्यानं दिवा जाणार, तेच तर दत्ताला पाहिजे आहे, असं ती धरून चालली होती.

"त्या खोलीत?" ती म्हणाली. "त्या खोलीत पोर निजलेली असताना, मी तसला शब्द काढू? दत्ता, बन्शाच्या येळंला मी बोलले होते. दिव्यात तेल सरलं अन् माझ्या तोंडातून निसटलं, विझला. घटकाभरात लेकरू गेलं. मी कुणाला सांगितलं न्हाई."

दत्तरावाचा राग तरीही आत तसाच राहिला; तो काही लगेच जाणारा नव्हता.

आणि बोलत बसायला वेळही नव्हता. निंबाखाली अंबीचं अंग पुन्हा तापायला लागलं होतं. पेवातून वाचली ती उन्हात जाणार. त्यानं पंखा बंद केला, फळी सरकवली आणि कंदील दोरीला बांधून पेवात सोडला. अर्ध्यावरच तो विझला. पाच दिवस कोंडलेला ओला कडबा आंबला होता आणि पेव कोंदट हवेनं भरलं होतं. त्यानं पंखा पुन्हा चालू केला, घराची खिडक्यादारं सताड उघडली, तासभर ती हवा बाहेर जाऊ दिली. कावेरी पोरीवर पाणी शिंपत राहिली आणि दर थोड्या वेळानं नवऱ्याकडं बघत राहिली. तासानं कंदील तळापर्यंत जळत गेला. मग दत्तराव कमरेला दोर बांधून उतरला, आणि तो ओला, आंबलेला, आतून गरम झालेला कडबा पाटीपाटीनं वर पाठवू लागला. कावेरीनं दोर ओढले. हात सोलले तिचे. दुपारचे तीन वाजले.

"अंग लय तापलंय," ती वरून म्हणाली. "डोळे फिरवायलीय. आता न्हाई थांबता येत."

पेव उघडं बोडकं झालं होतं. नुसती माती, आणि मातीचा वास. दत्तराव वर आला, पंखा लावला. दुसरं काही हातात नव्हतं. त्याच खोलीत, त्याच पाइपापाशी, तिला पुन्हा निजवायचं. त्याला वाटलं, आपल्या हातून हे होणार नाही. तरी त्यानं तिला उचललं.

"मी आतच बसते," धुरपताबाई म्हणाली. "तिच्यासंगं. दार लावा."

त्यानं दिवा लावून तिच्यासमोर ठेवला.

"काकी, दिवा गेला तर काय म्हनशील?"

म्हातारीनं पोरीच्या अंगावरचं ओलं लुगडं सारखं केलं.

"काकी."

"म्हनीन," ती म्हणाली. "तसंच म्हनीन."

पंखा चालू झाला. दत्तराव दाराबाहेर बसला, कावेरी त्याच्या खांद्याला धरून. आतून आवाज येऊ लागला: "जळायलाय." थोड्या वेळानं पुन्हा: "जळायलाय, बाबा. वाकडा होऊन जळायलाय. वारा हाय." मग: "अंग निवायलंय पोरीचं." मग नुसतंच: "जळायलाय." असं किती वेळा झालं त्याचा अंदाज राहिला नाही. कावेरीची बोटं त्याच्या खांद्यात रुतलेली होती. लाईट जाऊ नये, एवढंच तो मागत होता.

ऊन ओसरीच्या पायरीवरून उतरलं.

आत बराच वेळ काही ऐकू आलं नाही. दत्तरावानं तोंड उघडलं, विचारणार, तेवढ्यात धुरपताबाईची किंकाळी आली.

"विझला! दत्ता, विझला!"

दार उघडायला त्याला किती वेळ लागला देव जाणे. आत अंधार होता. पाइपातून वारा येत होता, गार, मातीच्या वासाचा. धुरपताबाई तोंडावर पदर दाबून बसली होती. आणि तिच्या पुढ्यात, मांडी घालून, धुराच्या रेघेकडं बघत अंबी बसली होती.

"म्या फुकला," अंबी म्हणाली.

दिवा तोंडानं फुंकायचा नाही, हे त्या घरात पोराला बोलता यायच्या आधी शिकवलं जायचं. बन्सीधरानं एकदा फुंकला तेव्हा धुरपताबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. कावेरीला हे आठवलं असावं. ती पुढं झाली आणि थांबली.

दत्तरावानं काडी ओढली. ती मोडली. दुसरीही मोडली. तिसरी लागली. ज्योत वाऱ्यानं एका बाजूला झुकली आणि तशीच जळत राहिली.

धुरपताबाईनं डोळे पुसले. दिवा उचलला आणि पोरीच्या अगदी तोंडापाशी नेऊन धरला.

"फुंक," ती म्हणाली. "फुंक गं माय. अजून एकदा विझव."

अंबीनं गाल फुगवले.