गोदाम फिरतं, दार नाही

मनिषशेठने आपल्या तलासरीच्या वेल्डिंग कारखान्यावर नवी पाटी लावली : ‘येथे गेट कॉम्प्युटरवर उघडून दाखवले जाईल.’ लावण्याआधी त्याने प्राजक्ताला विचारलंही नव्हतं. आयटीआयमधून ड्रॉइंग शिकून आलेली प्राजक्ता तीनच महिन्यांपूर्वी तिथे नोकरीला लागली होती, आणि बिजागरीवर फिरणारं काही तिने अजून स्क्रीनवर जोडून पाहिलं नव्हतं.

गंजाडच्या नवशीबाई आपल्या बचत गटाच्या भाताच्या गोदामासाठी दार करून घ्यायला आल्या. बाबल्या वेल्डरने चार दिवसांत लोखंडी दार करून चौकटीसकट आवारात उभं केलं. बोटाने ढकललं तरी उघडत होतं. नवशीबाईंनी ते दोनदा उघडून मिटून पाहिलं.

“हे झालं. आता कॉम्प्युटरवरचं दाखव.”

“बाई, दार तर तयारच आहे,” प्राजक्ता म्हणाली.

“पाटीवर लिवलंय ना?”

प्राजक्ताने दार, चौकट, भिंती, छप्पर सगळं स्क्रीनवर जोडलं, माऊसने दार धरलं आणि ओढलं. दार जागचं हललं नाही. चौकट, भिंती आणि छप्पर मात्र त्याच्याभोवती गर्रकन फिरले.

“आतलं भात सांडलं की गो सगळं!” नवशीबाई ओरडल्या.

“अहो, हे नुसतं चित्र आहे.”

“चित्रात करतं ते खऱ्यात करणार नाय कशावरून?”

मनिषशेठने खिडकीतून आवारातल्या दाराकडे संशयाने पाहिलं. मग बाहेर जाऊन त्याने दार न्यायला आलेला टेम्पो परत पाठवला आणि दाराला साखळदंड बांधला.

दुसऱ्या दिवशी नवशीबाई सकाळच्या जीपने गटातल्या भिकीला बरोबर घेऊन आल्या. दोघी प्राजक्ताच्या मागे बाकावर बसल्या आणि डबा उघडून जेवल्याही. प्राजक्ता पुन्हा पुन्हा सगळं जोडून पाहत होती. ती ओढायची, गोदाम फिरायचं.

पाणी प्यायला आलेला बाबल्या थोडा वेळ बघत राहिला. “चौकट पुरलीस का गो?”

“म्हणजे?”

“आधी चौकट भिंतीत पक्की करायची, मग दार लटकवायचं. तू दार पक्कं केलंस आणि भिंत लटकवलीस.”

प्राजक्ताने पाहिलं, तर खरंच. दार तिने सगळ्यात आधी आत आणलं होतं, आणि जे पहिलं येईल त्यालाच तो प्रोग्राम खिळून टाकत होता. तिने दार मोकळं केलं, चौकट खिळली. आता दार फिरलं. पण फिरता फिरता पिनेवरून सरकत वर गेलं आणि छपरावर जाऊन बसलं.

“कोंबडं हाय का ते?” भिकीने विचारलं.

पीन आणि भोक एका रेषेत आणायचं तिने प्रोग्रामला सांगितलं होतं. बिजागरीचे दोन भाग एकमेकांवर टेकवायचं राहिलं होतं. तेही सांगितलं. दार खाली उतरलं, छान उघडलं आणि तसंच पुढे भिंतीतून आरपार जाऊन दुसऱ्या बाजूने परत आलं.

नवशीबाई उठून उभ्या राहिल्या. “भिंतीतून जाता येत असेल तर दार कशाला करायचं? चोर पण तसाच जाईल.”

प्राजक्ता पुन्हा माऊसकडे वळली. तिने मर्यादा घातली : शून्यापासून एकशे दहा अंश, पुढे नाही. दार उघडलं आणि थांबलं. भिकीने ओढलं, थांबलं. मनिषशेठने दोन्ही हातांनी माऊस धरून ओढला, तरी थांबलं.

सगळे आवारात गेले. साखळदंड सुटला. नवशीबाईंनी खरं दार ढकललं, ते पार मागे जाऊन शेडच्या खांबावर धाडकन आदळलं.

“हे चुकलंय,” त्या म्हणाल्या. “कॉम्प्युटरसारखं कर.”

तीस वर्षं दारं बनवलेल्या बाबल्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत वेल्डिंगची काच उचलली. प्राजक्ताने कोनमापक धरून खूण करून दिली आणि तिथे त्याने लोखंडाचा अडथळा जोडला. दार एकशे दहावर येऊन ठक्कन थांबलं. तिने दिलेला आकडा लोखंडाने ऐकण्याची ही पहिलीच वेळ. कोणी बघत नाही असं पाहून तिने दार आणखी तीनदा उघडलं.

दार गंजाडला गेलं. दुसऱ्या सकाळी ती कामावर आली, तेव्हा तिच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बाबल्या आधीच बसला होता.

“घोलवडच्या वाडीसाठी झोपाळा करायचाय,” तो इकडे तिकडे बघत हळूच म्हणाला. “किती अंश झुलू द्यायचा, सांग बघू.”