तुळई चौथ्या दिवशी

शांभवी मुंबईच्या कंपनीत नियोजनाचं काम पाहायची. भर समुद्रात तेलाचा प्लॅटफॉर्म उभा करताना कोणतं काम कधी आणि कशानंतर, हे तासांत मांडायचं. प्लॅटफॉर्मचा चारशे टनी डेक, म्हणजे वरचा मजला, उचलताना क्रेनखाली लागणारी लोखंडी तुळई शिरोलीत तिच्या काकांच्या, बाबासोंच्या, कारखान्यात बनत होती, म्हणून २००३ च्या एप्रिलात ती कोल्हापुरात माहेरी मुक्कामाला होती. क्रेनचं जहाज मेच्या पहिल्या आठवड्यापुरतंच मिळालं होतं. ते हुकलं की काम पावसाळ्यापलीकडे.

तुळई ट्रेलरवर चढवायच्या आदल्या दिवशी दुपारी वेल्डर ज्ञानू तिच्यापाशी आला.

"ताई, दोर अडकवायच्या तिसऱ्या कानाचं वेल्डिंग मला बरं वाटंना. मधीच लाइट गेली, प्लेट गार पडली. परत तापवायला पायजे हुती, मी तसंच वढलं."

"पण तपासणीत पास झालंय."

"त्या टोकाला कुणी तपासलंच न्हाय."

"मग मला का सांगताय?"

"पहिल्या दिवशी तुम्ही इचारलं, एका कानाला किती तास. मी अकरा म्हटलं, तुम्ही अकराच लिवलं. आजवर समद्यांनी सातच लिवलंय."

तिनं पुन्हा तपासून घेतलं. बारीक चीर निघाली.  बाबासो म्हणाले, "मुंबईला सांग, जहाज आठ दिवस पुढं ढकला."

"ते थांबणार नाही, काका." ती ज्ञानूकडं वळली. "कापून नवं करायला?"

"लाइट ऱ्हायली तर दोन दिवस."

"जनरेटर लावू. एक दिवस वजनाच्या चाचणीला, दोन प्रवासाला." तिनं भिंतीवरचा कामांच्या क्रमाचा तक्ता उतरवून टेबलावर पसरला. डेक पहिल्याच दिवशी होता. पण जोडपूल आणि बोटीचा धक्का बसवायला तुळई लागतच नव्हती. तिनं मुंबईला साहेबांना फोन लावला.

"आधी डेक, असं ठरलंय सगळ्यांचं," साहेब म्हणाले.

"मीच ठरवलं होतं, साहेब. आता डेक चौथ्या दिवशी. तुळई मागून बोटीनं येईल."

"नाही आली तर?"

"येईल."

साहेब म्हणाले, "नवा तक्ता पाठव."

जहाजानं तीन दिवस पूल आणि धक्का बसवला. चौथ्या दिवशी सकाळी तुळई पोचली, दुपारी डेक जागेवर बसला. मुंबईच्या ऑफिसात शांभवी चहा घेत होती, तेवढ्यात बाबासोंचा फोन आला.

"बसला काय गं?"

"बसला. ज्ञानूला काही बोलला नाहीत ना?"

"बोलतोय कशाला? दुसऱ्या तुळईचं काम आलंय. त्यालाच इचारलं, किती दिवस लिवू म्हणून."