विहाराच्या पायरीवरचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे, तीन कप्प्यांचा. तांबटाच्या हातोडीखाली घडलो आणि शिवरामच्या सायकलला लटकून वर्षानुवर्षे कारखान्यात गेलो. माझ्यातले सुके बोंबील सगळी पाळी वाटून खात असे. शिवराम निवृत्त झाला, घरात स्टीलचे डबे आले आणि मी कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर पडलो.

एका वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामात, मला खाली उतरवले. जवळच्या बौद्ध विहारात श्रीलंकेहून एक भंते, मराठी शिकलेले भिक्खू, धम्म शिकवायला आले होते. त्यांना पगार नव्हता आणि अंगावरच्या चीवराला खिसा नसतो. रोज एकेका घरातून त्यांना जेवण जाई. आमची पाळी ठरली तशी शिवरामच्या बायकोने, मुक्ताबाईने, मला कल्हई करून आणली. मला मोठे कुतूहल होते. इतक्या दूर आलेला माणूस असा जगतो तरी कसा?

मला घेऊन नात अक्षता निघाली. विहारात भंते डोळे मिटून ध्यानाला बसले होते. तिला कॉलेजची घाई. मोबाइलवर मागवलेले जेवण दाराशी ठेवून जातात, तसे तिने मला पायरीवर ठेवले, हात जोडले आणि गेली.

भंतेंनी डोळे उघडले. मला पाहिले, पण हात लावला नाही. कुणी हातात दिल्याशिवाय अन्न घ्यायचे नाही, मागायचे नाही, बारानंतर जेवायचे नाही, हा त्यांचा नियम. बारा वाजत आले होते. माझ्या पोटात गरम डाळ आणि समोर उपाशी माणूस. मला बोलता येत नव्हते.

तेवढ्यात शेजारच्या बोनकोडे गावचे म्हातारे गोटीराम सावलीला टेकले.

"भंते, डबा कुनाचा हाय?"

"माझ्यासाठी आला आहे. पण अजून कुणी दिला नाही."

"समोर तर हाय."

"हातात द्यावा लागतो."

"तुमच्यापरीस आमचा जावय बरा. तो मागून तरी घेतो." असे म्हणत गोटीरामांनी मला उचलून भंतेंच्या हातात दिले.

जेवण झाल्यावर गोटीरामांनी माझ्याच मनातले विचारले. "पैशाबिगर परमुलखात चालतं कसं तुमचं?"

"मी काही पहिला नाही. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचे सुरुवातीचे कितीतरी प्रचारक रिकाम्या खिशाने परदेशी गेले. तिथले लोक त्यांना जेवू घालत, निजायला जागा देत."

"आनि घरची बायकापोरं?"

"बायका शेती सांभाळत, शिवणकाम करत. शेजारीही हातभार लावत."

गोटीरामांनी मान हलवली. "मंजे धरम सांगाला गेला येकटा, आन राबलं सगलं गाव."

संध्याकाळी गोटीरामांकडून मुक्ताबाईच्या कानावर सगळे आले. "अक्षता, पार्सल टाकून आलीस का गं? दान होतं ते."

पुढच्या पाळीला मात्र भंते डोळे उघडेपर्यंत अक्षता मला मांडीवर घेऊन बसून राहिली, मग तिने मला त्यांच्या हातात दिले. कॉलेजचा तास बुडाला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, माझी कल्हई जपा. पण कुणासाठी जेवण न्याल, तेव्हा दाराशी ठेवून परत फिरू नका. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात माझ्या कडीला एकदमच लागतो, त्या क्षणासाठी मी तांबटाचे घाव सोसले.