इस्त्रीच्या बोर्डावर उभा राहिलेला पक्ष

मित्रांनो, मी एक जुना इस्त्रीचा बोर्ड आहे. हसू आलं ना? येऊ द्या. पण मला भिंतीला टेकून उभा असणारा साधासुधा बोर्ड समजू नका. एक अख्खा राजकीय पक्ष माझ्या पाठीवर जन्माला आला आहे, आणि हे सांगताना माझी छाती फुगते.

माझं गाव आयर्लंडमधलं लिक्सलिप. कारखान्यात मला लोखंडी पाय बसवले, पाठीला जाळी ठोकली, वर स्पंज आणि निळ्या फुलांचं कापड ताणलं. १९९८ साली नोरीनबाईंनी मला दुकानातून घरी नेलं. नोरीनबाई म्हणजे चार मुलांची आई. आवाज असा खणखणीत, की त्यांनी या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचा कुत्रा उठून बसे. त्यांनी माझ्यावर शाळेच्या शर्टांचे ढीग उपसले. पुढे मुलं मोठी होऊन पांगली आणि माझी रवानगी 'हॉट प्रेस'मध्ये झाली. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीजवळचं कपाट. तिथे ऊब होती, पण नुसत्या उबेने कुणाचं मन भरतं?

२००१ साली शेजारच्या घरात पुण्याचं कुटुंब आलं. नितेश कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर, त्याची बायको पद्मजा, आणि चार वर्षांची मुक्ता. पद्मजा जमिनीवर चादर पसरून इस्त्री करते आहे, हे नोरीनबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि मला काखोटीला मारून तिच्या दारात उभ्या राहिल्या. "घे गं, हा आमच्याकडे नुसता झोपा काढतोय." झोपा! असो.

पद्मजाकडे माझं नशीब फळफळलं. रेशमी साड्या माझ्यावरून सरकायच्या. उन्हाळ्यात ती मला खिडकीशी उभं करून माझ्यावर पापड वाळत घालायची. ऊन यायचं नाही, पण तिची आशा सुटायची नाही. मी मराठीही तिथेच शिकलो.

आमच्या घरांसमोर एक मैदान होतं. गल्लीतली सगळी पोरं तिथे पडायची, भांडायची आणि अंधार पडेपर्यंत घरी यायची नाहीत. २००३च्या शेवटी त्या मैदानात एक फलक लागला: इथे फ्लॅट होणार. नोरीनबाई म्हणाल्या, "मी निवडणुकीला उभी राहते." पुढच्या जूनमध्ये स्थानिक निवडणूक होती. शेजारच्या मेनूथ गावात त्यांची बहीण राहायची, तिच्याही दारापुढच्या मैदानावर बिल्डरचा डोळा होता. तीही उभी राहणार होती. पण दोघी अपक्ष लढल्या तर मतपत्रिकेवर त्यांचा एकमेकींशी काही संबंध दिसला नसता. दोघींच्या नावापुढे एकच पक्ष छापून यायला हवा होता, आणि त्यासाठी तो पक्ष रीतसर नोंदवायला हवा होता. स्थानिक निवडणुकीपुरता पक्ष काढायचा तरी निदान शंभर सज्ञान सभासद लागत. तेही पंचवीस जानेवारीच्या आत, नाहीतर जूनपर्यंत नोंदणी पुरी झाली नसती. पक्षाचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं. पद्मजाने त्याचं 'मैदान पक्ष' करून टाकलं.

निवृत्त शाळामास्तर डेस्मंड पक्षाचे चिटणीस झाले. माणूस काटेकोर, हसणं जपून वापरणारा. स्टेशनबाहेर उभं राहून सभासद करायचे ठरले, पण टेबल कुणाकडे होतं? पद्मजा म्हणाली, "माझ्याकडे आहे ना!" आणि माझी स्वारी निघाली. पहिल्याच सहीला पेन कागदातून आरपार माझ्या स्पंजात घुसलं. मग पद्मजा घरी पळाली, पोळपाट घेऊन आली आणि कागदाखाली उपडा ठेवला. त्या दिवसापासून सगळ्या सह्या पोळपाटावर झाल्या.

पद्मजा सगळ्यांना आग्रह करायची, स्वतः मात्र सही करायची नाही. नितेशने बजावलं होतं, "आपलं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. मदत कर, पण त्यांच्या राजकारणात आपण कशाला पडायचं?" तिलाही ते पटलेलं होतं.

लोक थांबत नव्हते. गाडी आली की कॉलर वर करून सटकायचे. अशात संक्रांत आली. आता दारात आलेल्या माणसाला तोंड गोड केल्याशिवाय कसं पाठवायचं, हा मराठी माणसाचा जुना रोग. त्या शनिवारी पद्मजाने तिळाच्या लाडवांनी भरलेला स्टीलचा डबा माझ्या टोकाशी ठेवला. मित्रांनो, काय सांगू! लोकांची रांग लागली. एक टोपीवाले आजोबा तर तीन-तीनदा परत आले.

"आई, दे आर ओन्ली कमिंग फॉर द लाडूज!" मुक्ता म्हणाली.

"येऊ दे गं. सही करतायत ना?"

दुपारी डेस्मंड आले. त्यांनी भरलेले कागद पाहिले, मग डबा पाहिला. "हे काय आहे?"

"तिळगूळ. आमचा सण आहे. तुम्ही घ्या ना."

त्यांनी घेतला नाही. "खाऊ देऊन नावं घेतली, असं उद्या कुणी म्हणालं तर? कायदा काय म्हणेल ते जाऊ दे, पण पक्षाचा जन्मच असा नको." आणि त्या दिवसाचे सगळे कागद त्यांनी माझ्यावरच टराटरा फाडले. माझ्या अंगावर तुकडे पडले, ते मला अजून टोचतात.

पद्मजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "संक्रांतीचा तिळगूळ म्हणजे लाच? आम्ही देतो तेव्हा कुणाकडून काही घेत नाही हो!"

"मला ठाऊक आहे, बाळ," नोरीनबाई म्हणाल्या. "पण आज आपण घेत होतो. सही घेत होतो."

पद्मजाने डब्याला झाकण लावलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. हातात जेमतेम निम्मी नावं उरली होती आणि एकच शनिवार.

संध्याकाळी सगळे पद्मजाच्या घरी चहाला बसले. मी कोपऱ्यात, पोळपाट माझ्या पाठीवर. डेस्मंडनी विचारलं, "उरलेल्या नावांत तुमचं कुठे दिसत नाही ते?"

"माझं? मी इथली थोडीच?"

"स्थानिक निवडणुकीत इथे राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाला मत आहे. पासपोर्ट कुठला, हे कुणी विचारत नाही. मतदारयादीत नाव घालायचं, झालं."

नितेश कप हातात धरून तसाच थांबला. हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पद्मजाने खिडकीबाहेर पाहिलं. मुक्ता मैदानात पडली होती आणि उठून पुन्हा धावत होती. "ज्या मैदानात माझी पोर रोज गुडघे फोडून घेते, ते माझं नाही तर कुणाचं?" असं म्हणून ती माझ्याजवळ आली आणि तिने नव्या कागदावर पहिली सही केली. मी पाय घट्ट रोवून उभा राहिलो.

नितेशने कप खाली ठेवला. "दे इकडे पेन. विंचवाच्या बिऱ्हाडालाही अंगण लागतंच."

शेवटचा शनिवार उजाडला. वारा बोचरा, आणि माझ्यावर डबा नाही. एक गाडी गेली, दुसरी गेली. कुणी फिरकलं नाही. पद्मजाचा चेहरा उतरत चालला. लोकांना मैदान नको, फक्त लाडू हवे होते का? मलाही तीच धास्ती होती.

तेवढ्यात टोपीवाले आजोबा आले. "लाडू नाहीत?"

"नाहीत. आणि तुमची मागची सही आम्ही फाडली."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं. पेन तरी आहे ना?"

त्यांच्यामागून त्यांची सून आली, सुनेमागून शेजारीण. फाडाफाडीची गोष्ट गावभर झाली होती. डब्लिनच्या पार पलीकडच्या सँडीफोर्डहून पद्मजाची मैत्रीण अबोली आपल्या ऑफिसातल्या चौघांना घेऊन आली. आणि गंमत पाहा, येणारा जो तो काहीतरी घेऊन येत होता. सोडा ब्रेड काय, सफरचंदाचा टार्ट काय, थर्मासमधला चहा काय! आजोबांची सून म्हणाली, "आज आम्ही देतोय. तू आम्हाला काही देऊ नकोस, म्हणजे मास्तर रागावणार नाहीत." पद्मजा एकाच वेळी रडत होती, हसत होती आणि टार्ट खात होती.

दुपारपर्यंत शंभरी ओलांडली. डेस्मंडनी कागद दोनदा तपासले, पाकिटात घातले आणि मग घसा खाकरला. "ते... मागच्या आठवड्यातले लाडू उरलेत का?"

पद्मजाने पिशवीतला डबा काढला, पण झाकण उघडलं नाही. "आधी पाकीट बंद करा."

त्यांनी पाकिटाची कड ओली केली, दाबली, वर बोटही फिरवलं. तेव्हा कुठे झाकण उघडलं. "तिळगूळ घ्या, गोड बोला," ती म्हणाली आणि अर्थ सांगितला. मास्तरांनी लाडू तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ग्रँड!" इतकं गोड ते त्याआधी कधी बोलले नव्हते.

जूनमध्ये मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापून आलं. पद्मजाने आपलं इथलं पहिलं मत दिलं. बहीण हरली, पण नोरीनबाई मतमोजणीच्या शेवटच्या फेरीत निवडून आल्या, आणि दोन्ही गावांच्या कौन्सिलात आवाज लावून त्यांनी दोन्ही मैदानं वाचवली.

आता २००७ साल आहे. माझा एक पाय गंजला, फुलं विरली. नितेशने वाफेची इस्त्री आणली, तिच्यासोबत नवा बोर्डही आला, आणि मी परसातल्या खोपटात गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण रविवारी मुक्ता मला ओढत मैदानात नेते. तिथे पुण्याची आणि लिक्सलिपची पोरं एकत्र क्रिकेट खेळतात, आणि त्यांचे स्टंप म्हणजे मी. दणादण चेंडू बसतात. बसू देत!

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकून देऊ नका, त्यांच्यात अजून एखादा डाव शिल्लक असतो. रस्त्यात कुणी टेबल मांडून उभं असलं तर क्षणभर थांबा, त्याचं म्हणणं ऐका. आणि लाडू जरूर वाटा, मात्र डबा उघडण्याआधी समोरच्याच्या हातातलं पेन खाली ठेवून घ्या. चला, मुक्ता हाका मारते आहे. टोपीवाले आजोबा बॅट घेऊन आलेत, आणि त्यांना मीच बाद करणार आहे.